टस्कीगीचा हिशेब: बुकर टी. वॉशिंग्टन यांनी संस्था कशी उभी केली

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, हे आपल्या चळवळीतल्या अनेक तरुणांना ठाऊक आहे. पण ज्यांच्याशी ड्यू बॉइस यांचा मोठा वैचारिक संघर्ष झाला, त्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बोललेच तर गोऱ्यांशी जुळवून घेणारा पुढारी एवढ्यावर विषय संपतो. तो ठपका खोटा नाही, त्याकडे पुढे येऊच. पण या माणसाने हाती काही नसताना गुलामांच्या मुलांसाठी एक शिक्षणसंस्था उभारली आणि ३४ वर्षे तिच्यासाठी पैसा जमवला. पावतीपुस्तक घेऊन वस्तीवस्तीत फिरणाऱ्या आपण सर्वांनी हे आयुष्य नीट पाहायला हवे, असे आम्हाला वाटते.

वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ साली व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर, गुलामीत झाला. १८६५ मध्ये मुक्ती मिळाली आणि कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात गेले. तिथे या मुलाने मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत काम केले. हॅम्प्टन इथे काळ्यांसाठी शाळा आहे हे कानावर आल्यावर १८७२ मध्ये तो सुमारे ५०० मैलांच्या प्रवासाला निघाला. वाटेत पैसे संपले, रिचमंड शहरात लाकडी फुटपाथखाली रात्री काढल्या. हॅम्प्टनमध्ये त्याची प्रवेशपरीक्षा म्हणजे एक खोली झाडून घेणे. त्याने ती तीन वेळा झाडली आणि चार वेळा पुसली. त्याची फी एका गोऱ्या देणगीदाराने भरली. देणगीवर शिकणे म्हणजे काय, हे वॉशिंग्टन यांनी आधी घेणाऱ्याच्या बाजूने अनुभवले होते.

टस्कीगीची सुरुवात मात्र दानातून झाली नाही, मतातून झाली. हे आपल्याकडे सांगितलेच जात नाही. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावात लुईस ॲडम्स नावाचे पूर्वी गुलाम असलेले कारागीर होते, पत्र्याचे काम करायचे. निवडणुकीत एका गोऱ्या उमेदवाराने त्यांच्याकडे काळ्यांची मते मागितली. ॲडम्स यांनी बदल्यात शाळा मागितली. उमेदवार निवडून आला आणि राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले. जमीन नाही, इमारत नाही, फक्त पगार. हॅम्प्टनच्या शिफारशीवरून २५ वर्षांचे वॉशिंग्टन तिथे आले आणि ४ जुलै १८८१ रोजी चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात ३० विद्यार्थ्यांना घेऊन शाळा सुरू झाली. छत इतके गळायचे की पाऊस आला की एक विद्यार्थी मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा.

त्यानंतर एक पडीक मळा ५०० डॉलरला विकायला निघाला. पहिला हप्ता हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून उसना दिला. तो फेडायचा आणि उरलेली रक्कम उभी करायची, ही जबाबदारी घेतली ऑलिव्हिया डेव्हिडसन या शिक्षिकेने. ती गावात दारोदार गेली आणि कुणाकडून केक, कुणाकडून भाकरी, कुणाकडून कोंबडी घेऊन आली. गोऱ्यांच्या घरीही गेली. मग त्या पदार्थांची विक्री करून मेळावे भरवले. गुलामीत आयुष्य गेलेली, सत्तरीची एक म्हातारी फाटक्या कपड्यांत, काठी टेकत आली आणि तिने सहा अंडी दिली. इतक्या देणग्या आल्या, पण त्या सहा अंड्यांइतकी कुठलीच मनाला भिडली नाही, असे वॉशिंग्टन यांनी पुढे नोंदवले आहे. ऑलिव्हिया पुढे बोस्टनमध्येही देणग्यांसाठी फिरल्या. एकदा एका बाईंना भेटायला गेल्या असता दिवाणखान्यात वाट पाहतानाच त्यांना झोप लागली, इतक्या त्या दमल्या होत्या. १८८५ मध्ये वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १८८९ मध्ये त्या गेल्या. टस्कीगी म्हटले की वॉशिंग्टन यांचे नाव येते, ऑलिव्हियांचे येत नाही. आपल्याकडच्या किती संस्थांच्या बाबतीत हेच झाले आहे, याचा विचार वाचकांनी करावा.

इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले. ते घड्याळ परत सोडवता आले नाही, पण भट्टी जमली.

देणगी मागण्याची त्यांची रीत वेगळी होती. हात पसरायचा नाही, संस्थेची आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या कामाची माहिती द्यायची आणि नकार मिळाला तरी चिडायचे नाही. कनेक्टिकटमध्ये कडाक्याच्या थंडीत दोन मैल चालत ते एका श्रीमंताकडे गेले आणि रिकाम्या हाताने परतले. दोन वर्षांनी त्याच माणसाने १०,००० डॉलर पाठवले. रेल्वेमालक हंटिंग्टन यांनी पहिल्या भेटीत दोन डॉलर दिले होते, मरणाच्या काही महिने आधी ५०,००० दिले. दोन डॉलरवाल्याला वॉशिंग्टन विसरले नव्हते. संस्था उभी राहिली ती मुख्यतः साधारण माणसांच्या छोट्या रकमांवर, असे ते स्वतः सांगत.

आणि हिशेब! ते कुठेही दौऱ्यावर असले तरी संस्थेचा रोजचा अहवाल त्यांच्याकडे यायचा. किती विद्यार्थी गैरहजर, किती पैसे जमा झाले, गोठ्यातून दूध आणि लोणी किती निघाले, जेवणात काय होते, सगळे त्यात असे. आम्हीही वर्गणी गोळा केली आहे. कार्यक्रम झाल्यावर हिशेब विचारणारा माणूस कार्यकर्त्यांना शत्रू वाटतो, हे आम्ही पाहिले आहे. खरे सांगायचे तर आम्हालाही कधी तसे वाटले आहे.

१९०१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ पुस्तकरूपाने आले. कोडॅक कंपनीचे जॉर्ज ईस्टमन यांनी ते वाचून ५,००० डॉलर पाठवले. १९०३ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी संस्थेच्या कायम निधीसाठी ६ लाख डॉलरचे रोखे दिले. पत्रव्यवहार सांभाळायला एमेट स्कॉटसारखा पूर्णवेळ सचिव होता, संस्थेची छायाचित्रे काढायला नामांकित छायाचित्रकार बोलावले जात.

माजी विद्यार्थ्यांकडे देण्यासारखा पैसा नव्हता. ते कामाने परतफेड करत. विल्यम एडवर्ड्स यांनी अलाबामातच स्नो हिल इथे, एलिझाबेथ राईट यांनी साउथ कॅरोलायनातल्या डेन्मार्क गावी, विल्यम होल्ट्झक्लॉ यांनी मिसिसिपीतल्या युटिका इथे टस्कीगीच्या धर्तीवर शाळा काढल्या. राईट यांच्या शाळेचे आज विद्यापीठ झाले आहे. आमच्या मते माजी विद्यार्थी संघटनेने वर्षातून एकदा स्नेहभोजन करण्यापेक्षा हे काम फार मोठे.

आता ठपक्याकडे. १८९५ मध्ये अटलांटा इथल्या भाषणात वॉशिंग्टन यांनी सामाजिक समतेचा आग्रह बाजूला ठेवला आणि काळ्यांनी आधी कामधंद्यात पाय रोवावेत असे सांगितले. गोऱ्या उद्योगपतींना ते फार आवडले, पैशाचा ओघ वाढला. १९०१ मध्ये अलाबामाने नवे संविधान करून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला. ज्या मतांच्या बळावर टस्कीगी जन्मली, तीच मते गेली. वॉशिंग्टन यांनी त्याविरुद्धच्या खटल्यांना पैसे पुरवले, पण गुपचूप. उघडपणे आंदोलन उभारणे देणगीदारांना रुचले नसते. दुसरीकडे ते काळ्यांच्या वर्तमानपत्रांना पैसा देऊन टीकाकारांची तोंडे बंद करू पाहत. १९०३ मध्ये ड्यू बॉइस यांनी पुस्तकातून त्यांच्यावर जाहीर टीका केली. आम्ही या वादात ड्यू बॉइस यांच्या बाजूचे आहोत. तरीही विटांच्या भट्टीवर उभे राहून विचार केला की उत्तर तितके सोपे वाटत नाही. त्या राज्यात तोंड उघडले असते तर १,५०० मुलांची संस्था उभी राहू दिली असती का?

नोव्हेंबर १९१५ मध्ये वॉशिंग्टन न्यूयॉर्कच्या इस्पितळात होते. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्यांनी घरी नेण्याचा हट्ट धरला. रेल्वेने टस्कीगीला पोचले आणि १४ नोव्हेंबरच्या पहाटे गेले. तेव्हा संस्थेच्या १०० हून अधिक इमारती होत्या. त्याच शहरात, न्यूयॉर्कमध्ये, २४ वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९५७ मध्ये अलाबामा विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची केली. शहरातल्या सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. त्याविरुद्ध चार्ल्स गोमिलियन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये जिंकले. गोमिलियन टस्कीगी संस्थेत प्राध्यापक होते.