भूगर्भाचा उपासक : टॉमस ओल्डहॅम

आपल्या कोकणात वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे अशा कित्येक ठिकाणी भूमीतून ऊन पाणी वर येते. आपण त्यास तीर्थ मानतो व भक्तिभावाने स्नान करतो. परंतु भारतातील अशा सर्व झऱ्यांची शास्त्रीय नोंद करावी, म्हणून ज्याने परिश्रम घेतले तो पुरुष आयर्लंडचा होता.

टॉमस ओल्डहॅम यांचा जन्म ४ मे १८१६ रोजी डब्लिन येथे झाला. तेथील ट्रिनिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८५१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत ते कलकत्त्यास आले. त्यांच्या पूर्वीचे भूशास्त्रज्ञ विल्यम्स १८४८ साली रानातील तापाने मृत्युमुखी पडले होते. तरीही ओल्डहॅम डगमगले नाहीत. कंपनीस हवा होता दगडी कोळसा. परंतु आधी खडकांचे पद्धतशीर नकाशे व्हावेत, म्हणजे खनिजांचा मागही लागेल, असा त्यांचा आग्रह होता. मोजक्या सहकाऱ्यांनिशी त्यांनी नावारूपास आणलेले खाते म्हणजेच आजचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण होय. १८७३ साली, त्यांच्याच कारकीर्दीत, भारतीय शिकाऊ उमेदवारास या खात्याचे दार प्रथम उघडले.

खडकांबरोबरच भूकंप व उष्ण झरे यांचीही माहिती ते चिकाटीने जमवीत. सुमारे ३०० झऱ्यांची सूची त्यांनी सिद्ध केली. पण ती छापलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८७६ साली ते निवृत्त झाले आणि १७ जुलै १८७८ रोजी इंग्लंडमध्ये रग्बी येथे निवर्तले. त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी ती सूची १८८२ साली प्रसिद्ध करून पितृऋण फेडले.

लडाखमधील पुगा खोरे ४,००० मीटरांहून उंच आहे. हिवाळ्यात जेथे सारे गोठून जाते, तेथे ८४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पाणी भूमीतून उसळते. १९७० नंतरच्या दशकात ओल्डहॅम यांच्याच खात्याने तेथे भोके पाडून भूगर्भातील उष्णता मोजली, आणि २०२१ साली तिच्यापासून वीज निर्माण करण्यासाठी करार झाला.

विद्यार्थी मित्रांनो, मोजल्यावाचून संपत्ती कळत नाही, आणि मोजणाऱ्यास ती भोगावयास मिळतेच असे नाही. तरीही जो मोजून ठेवतो, त्याच्याच नोंदींवर पुढील पिढ्या उभ्या राहतात.