हृदयातील घातक फेरा ओळखणारे माइन्स

काही रुग्णांचे हृदय एकाएकी मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धडधडू लागते आणि तितक्याच अचानक पूर्ववत होते. या विकाराचे कारण विद्युतसंदेशाच्या चक्राकार भ्रमणात असू शकते, हे प्रयोगांच्या आधारे मांडणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणजे जॉर्ज राल्फ माइन्स.

माइन्स यांचा जन्म १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजमध्ये शिकलेले हे तरुण संशोधक उत्तम पियानोवादकही होते.

निरोगी हृदयात संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरतो आणि तेथेच विरतो; कारण नुकताच आकुंचन पावलेला स्नायू क्षणभर नव्या संदेशाला दाद देत नाही. संदेशाची गती मंदावली आणि स्नायूचा हा विसावा आखूड झाला, तर काय होईल? प्राण्यांच्या हृदयस्नायूच्या कड्यावर प्रयोग करून माइन्स यांनी १९१३ मध्ये दाखवले, की अशा स्थितीत एकच संदेश कड्यात गोल गोल फिरत राहतो. त्याची कसोटीही त्यांनीच सांगितली. कडे एका ठिकाणी कापावे. फेरा थांबला, तर संदेश खरोखरच फिरत होता.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक तर्क मांडला. केंट यांनी वर्णिलेला, वरचे व खालचे कप्पे जोडणारा जादा स्नायुतंतू एखाद्याच्या हृदयात असेल, तर संदेश नेहमीच्या वाटेने खाली आणि या आडवाटेने पुन्हा वर जाऊ शकेल. ठोक्याच्या ठरावीक क्षणी दिलेला एकच विजेचा झटका हृदयाला प्राणघातक थरथर लावू शकतो, हेही त्यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले.

१९१४ मध्ये ते कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात रुजू झाले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ते प्रयोगशाळेत बेशुद्धावस्थेत आढळले. उपकरणे त्यांच्या शरीराला जोडलेली होती. त्यातच त्यांचा अंत झाला. ते स्वतःवरच प्रयोग करीत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात; मात्र ते सिद्ध झालेले नाही. त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते.

अशा आडवाटेशी निगडित विकार वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये रुग्णांत वर्णिला. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शस्त्रक्रियेने एका रुग्णाची ही आडवाट कापण्यात आली आणि धडधड थांबली. आज बहुतेक रुग्णांत छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नेलेल्या नळीच्या टोकाने ती जाळली जाते. कडे कापून फेरा थांबवण्याची माइन्स यांची कसोटी अशा रीतीने उपचार ठरली.