शिरगणती न करता फ्रान्स मोजणारा लाप्लास

एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये ज्याच्या नावाने बोटे मोडली जातात, तो पिएर सिमों लाप्लास माणूस म्हणून कसा होता, हे सिलॅबसमध्ये कुठेच नाही.

जन्म १७४९ चा, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या एका लहान गावात. घरच्यांनी पाद्री व्हायला म्हणून युनिव्हर्सिटीत धाडले, पण हा गडी गणितातच रमला. विशीच्या आसपास पॅरिस गाठले. दालाँबेर या बड्या गणितज्ञाने त्याला लष्करी शाळेत मास्तरकी मिळवून दिली. १७८५ मध्ये तोफखान्याच्या परीक्षेत त्याने सोळा वर्षांच्या एका पोराला पास केले. पोराचे नाव नेपोलियन बोनापार्ट!

पुढे राज्यक्रांती झाली. ज्याच्याबरोबर उष्णतेवर प्रयोग केले, त्या लावाझिएचे डोके १७९४ मध्ये गिलोटिनवर उडवले गेले. लाप्लास त्याआधीच बायकामुलांना घेऊन पॅरिसबाहेर सटकला होता. १७९९ मध्ये नेपोलियनने त्याला गृहमंत्री केले आणि सहाच आठवड्यांत काढलेही. तरी १८०६ मध्ये काउंट केले. १८१४ मध्ये याच लाप्लासने नेपोलियनला हटवायच्या बाजूने मत दिले आणि १८१७ मध्ये राजाकडून मार्क्विस ही पदवी घेतली. वारा येईल तशी पाठ देणारा! मला तरी हे पटत नाही.

पण आकड्यांशी तो प्रामाणिक होता. घरोघरी जाऊन अख्खा देश मोजणे महागाचे आणि जिकिरीचे काम. जन्माच्या नोंदी मात्र गावोगाव होत्या. १८०२ मध्ये त्याच्या सांगण्यावरून सरकारने तीस जिल्ह्यांतल्या निवडक गावांत माणसे मोजली : २०,३७,६१५. तिथले तीन वर्षांचे जन्म २,१५,५९९. म्हणजे वर्षाला एका जन्मामागे साधारण २८.३५ माणसे. देशात वर्षाला दहा लाख जन्म धरले, की लोकसंख्या सुमारे २ कोटी ८३ लाख. एवढ्यावर न थांबता, हा आकडा पाच लाखांहून जास्त चुकण्याची शक्यता किती, तेही त्याने काढले. कच्चा दुवा होताच. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, कामसू मेयर असलेली बघून घेतलेली, आणि दहा लाख हा आकडाही ढोबळच.

१८२७ मध्ये तो वारला. हिशेब मात्र जंगलात आणि पाण्यात शिरला. समजा, तळ्यातल्या १०० माशांना खूण करून सोडले. नंतर ५० पकडले, त्यात १० खुणेचे निघाले, तर तळ्यात साधारण ५०० मासे. लाप्लासची नोंदवलेली बाळे म्हणजेच हे खुणेचे मासे! डेन्मार्कच्या पीटरसनने १८९६ च्या सुमारास चपट्या प्लेस माशांना अशा खुणा केल्या, तर अमेरिकेच्या लिंकनने १९३० मध्ये पायात कडी घातलेल्या बदकांवरून बदकांची संख्या काढली. खूण गळून पडली किंवा एकदा पकडलेला प्राणी पुन्हा जाळ्याकडे फिरकलाच नाही, तर उत्तर फुगते. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाघ असेच मोजले. तिथे खूण करावीच लागली नाही. कॅमेऱ्यात आलेले पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात.