मातीचा स्वभाव ओळखणारा अभियंता

पायासाठी खोदलेल्या खड्ड्याची भिंत पावसानंतर अचानक का ढासळते, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर दिले ते कार्ल टेरझागी यांनी. २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे जन्मलेल्या टेरझागींनी ग्राझ येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मात्र आयुष्य वेचले ते मातीच्या अभ्यासासाठी.

१९१६ पासून इस्तंबूलमध्ये अध्यापन करताना अगदी साध्या उपकरणांनी त्यांनी चिकणमातीवर प्रयोग केले. कणांमधील पाण्याचा दाब वाढला, की कणांची परस्परांवरील पकड सैल होते आणि माती सरकते, हे त्यातून उलगडले. १९२५ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने मृदा यांत्रिकी या शास्त्राची पायाभरणी केली.

शिकागोच्या भुयारी रेल्वेची खोदाई १९३९ च्या सुमारास मऊ चिकणमातीतून सुरू होती आणि वर गजबजलेले शहर उभे होते. सल्लागार या नात्याने टेरझागींनी जमीन किती खचते याची मोजणी करवून घेतली आणि त्या आकड्यांच्या आधारे खोदाईच्या पद्धतीत सुधारणा झाल्या.

२५ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. कुदळ मारण्यापूर्वी जमीन तपासावी, पाण्याचा बंदोबस्त करावा आणि खोदताना मोजणी थांबवू नये, हा त्यांचा वारसा. खड्ड्यात उतरणाऱ्या मजुराचे प्राण आजही त्यावरच अवलंबून असतात.