रातंजनकर : मैफल सोडून वर्गात गेलेला गवई

उस्ताद फैयाज खाँ यांच्यासारख्या गवयाची तालीम लाभली की मैफलींचा मार्ग आपोआप खुला होतो. मुंबईत जन्मलेल्या पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना बडोद्यात ती तालीम मिळाली होती. त्याआधीपासून ते विष्णु नारायण भातखंडे यांचे शिष्य होते आणि आयुष्याची दिशा अखेर भातखंड्यांनीच ठरवली. लखनऊमध्ये १९२६ साली मॅरिस कॉलेज सुरू झाले, तेव्हा हा पदवीधर तरुण गायक तेथे शिकवू लागला. १९२८ मध्ये तो प्राचार्य झाला आणि जवळपास तीन दशके तेथेच राहिला.

त्यांच्या गाण्याला याची किंमत मोजावी लागली. दिवसचे दिवस विद्यार्थ्यांना घोटून घेण्यात आणि संस्थेचा संसार चालवण्यात गेले. रियाजाला उरलासुरला वेळ. मात्र घराण्याच्या बंद दारांबाहेर रागविद्या नेण्याचे भातखंड्यांचे स्वप्न वर्गात उतरले ते या कष्टांमुळेच. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर हे त्यांचे शिष्य. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग आणि चित्रपट संगीतकार रोशन हेही त्याच संस्थेत घडले. गिंडे तर लहानपणीच गुरुगृही राहायला आले. म्हणजे कॉलेजच्या शिस्तीला घरच्या तालमीची जोड होतीच.

‘सुजन’ या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या. ‘अभिनव गीतमंजरी’त त्या स्वरलिपीसह ग्रथित आहेत. ख्याल, ध्रुपद, तराणे तर त्यात आहेतच. शिवाय कर्नाटक पद्धतीचा वर्णम् हा प्रकार त्यांनी हिंदुस्थानी रागांत आणला. सालगवराळी हा रागही त्यांच्याच प्रतिभेतून आला. त्यांच्यावर शुष्क शास्त्रकार असा शिक्का मारणाऱ्यांनी या रचना फारशा ऐकल्या नसाव्यात.

तो शिक्का गडद झाला आकाशवाणीमुळे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात कलाकारांची श्रेणी ठरवण्यासाठी स्वरचाचण्या सुरू झाल्या आणि परीक्षक मंडळाची धुरा रातंजनकरांकडे आली. पिढीजात गवयांना परीक्षेला बसणे अपमानास्पद वाटले. अनेकांनी बहिष्कार घातला. धोरण सरकारचे होते, रोष मात्र बराचसा त्यांच्या वाट्याला आला.

१९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही गिंडे आणि भट गुरूच्या बंदिशी मैफलींतून गात राहिले.