कस्तुरबा आणि लग्नाचा कागद

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या गावातल्या एक बाई हातात जाडजूड फाईल घेऊन घरी आल्या. मुलीचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. जावई परदेशात नोकरीला, तिथलाच नागरिक झालेला. मुलगी मात्र अजून माहेरीच. व्हिसाचे कागद परत आले होते. कारण काय, तर पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं आडनाव, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवीन नाव बँकेच्या पासबुकात. एकाच मुलीची तीन नावं! ही तिन्ही माणसं एकच आहेत आणि ती त्याची बायको आहे, हे कागदाने सिद्ध करा, असं तिकडच्या कचेरीचं म्हणणं.

त्या माउलीला रडूच कोसळलं. चारशे पानं उठली लग्नात, सगळ्या गावाने अक्षता टाकल्या, आता आणखी कसला पुरावा देऊ, असं ती परत परत विचारत होती. तिला पाणी दिलं, समजूत काढली. पण ती गेल्यावर माझ्या मनात एकच व्यक्ती घोळत राहिली, ती म्हणजे कस्तुरबा. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला होता आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला होता. गांधीजींची सोशिक पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ही गोष्ट आपल्या बायकांपर्यंत फारशी पोचलेलीच नाही.

कस्तुरबांचा जन्म १८६९ सालचा, पोरबंदरचा. वडील गोकुळदास कपाडिया मोठे व्यापारी. माहेरी त्यांना कस्तूर म्हणत. शाळेचं तोंड काही त्यांनी पाहिलं नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मोहनदास गांधींशी लग्न झालं. नवरा त्यांच्यापेक्षा काही महिन्यांनी लहानच. पहिलं मूल काही दिवसांतच गेलं. मग हरिलाल झाला आणि त्याच वर्षी, १८८८ मध्ये, नवरा बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेला. परत आला, मणिलाल झाला, आणि १८९३ मध्ये तो पुन्हा निघाला, या वेळी दक्षिण आफ्रिकेला. नवरा परदेशी आणि आपण मुलांना घेऊन सासरी, हे बांनी पुष्कळ वर्षं काढलं. आज आपल्या गावागावांतून ज्या मुली फोनवर संसार करतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. बांना तर फोनही नव्हता आणि पत्र लिहिण्याइतकं अक्षरज्ञानही नव्हतं.

१८९६ मध्ये गांधीजी कुटुंबाला न्यायला आले. बा, दोन मुलं आणि नणंदेचा मुलगा असे सगळे बोटीत बसले. तिकडे आपण सुधारलेले दिसावं म्हणून गांधीजींनी बांना पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली, मुलांना पारशी कोट-पाटलोण. पायांत बूट आणि मोजे आले. कधी सवय नसलेले ते बूट चावायचे, मोज्यांना घामाचा वास यायचा. नव्या देशात शिरण्यासाठी बाईला आपलं रूप बदलावं लागतं, याचा हा पहिला अनुभव.

दुसरा अनुभव याहून कडू. डिसेंबरात बोट दरबानला पोचली, पण कोणालाच उतरू देईनात. भारतात प्लेग होता, हे वरवरचं कारण. खरं कारण असं की हिंदी माणसं इथे नकोतच, असं म्हणून गोऱ्यांनी सभा भरवल्या होत्या. तीन आठवड्यांहून जास्त दिवस दोन बोटींवरची सुमारे आठशे माणसं समुद्रात अडकून पडली. बांना तेव्हा दिवस गेले होते. १३ जानेवारी १८९७ ला उतरायची परवानगी मिळाली. बा आणि मुलं गाडीने पारशी रुस्तमजींच्या घरी सुखरूप पोचली. मागून पायी येणाऱ्या गांधीजींना मात्र जमावाने दगड, अंडी, लाथाबुक्क्यांनी मारलं. पोलीस सुपरिंटेंडंट अलेक्झांडर यांच्या पत्नी आपली छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून ते वाचले. परक्या गावातली बांची पहिली रात्र अशी गेली. घराबाहेर आरडाओरडा करणारा जमाव आणि आत मार खाऊन आलेला नवरा.

त्याच वर्षी नाताळमध्ये नवीन कायदा आला. बाहेरून येणाऱ्याला एखादी युरोपियन भाषा लिहिता आली पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. आपल्या बायका कुठून लिहिणार? पण तिथे राहण्याचा हक्क असलेल्या माणसाची बायको आणि अज्ञान मुलं यांना सूट होती. म्हणजे मैत्रिणींनो, बघा, बाईचा सगळा आधार एकाच शब्दावर होता. ती कोणाची तरी कायदेशीर बायको आहे, बस्स. तो शब्द काढून घेतला की ती बोटीवरून परत.

आणि १९१३ मध्ये तो शब्द काढूनच घेतला.

झालं असं की केप प्रांतात राहणाऱ्या हसन इसप नावाच्या एका हिंदी माणसाची बायको, बाई मरियम, भारतातून नवऱ्याकडे आली. तिला उतरू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकीहून जास्त बायका करायची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने लागलेलं लग्न इथल्या कायद्याला मान्य नाही. म्हणून बाई मरियम ही स्थलांतराच्या कायद्याप्रमाणे बायको ठरत नाही. निकाल एका बाईचा, पण कुऱ्हाड पडली हजारोंवर. हिंदू असो, मुसलमान असो, पारशी असो, सप्तपदी झालेली असो की निकाह झालेला असो, एका फटक्यात सगळ्यांच्या लग्नांना सरकारदरबारी किंमत उरली नाही. बायका नुसत्या ठेवलेल्या बायका ठरल्या आणि मुलांचा वडिलांच्या मालमत्तेवरचा वारसाहक्कही धोक्यात आला. पुढे त्याच वर्षी स्थलांतराचा नवीन कायदा झाला, तरी हा पेच सुटला नाही.

तोवर लढ्यात पुरुषच तुरुंगात जात होते. बायकांनी जावं असं गांधीजींना इतके दिवस वाटत नव्हतं. आता मात्र अपमान बायकांचाच झाला होता. तरीही बांना विचारायला ते कचरत होते. आपण विचारलं तर त्या नवऱ्याच्या शब्दाखातर हो म्हणतील आणि कोर्टात किंवा तुरुंगात घाबरल्या तर काय, अशी त्यांना धास्ती. म्हणून फिनिक्सच्या आश्रमातल्या इतर बायकांशी ते आधी बोलले. ते बोलणं बांच्या कानावर पडलं. त्यांना ते लागलं. माझ्यात काय कमी आहे म्हणून मला सांगितलं नाही, असा त्यांनी सरळ जाब विचारला आणि मीही जाणार म्हणून सांगून टाकलं. गांधीजींनी पुन्हा पुन्हा बजावलं, तब्येतीची आठवण दिली. त्यांचा निर्णय हलला नाही. चव्वेचाळीस वर्षांची, धड लिहिता-वाचता न येणारी ही बाई. पण कोर्टाच्या त्या कागदाचा अर्थ तिला नेमका कळला होता.

१५ सप्टेंबर १९१३ ला फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी निघाली. त्यात चार बायका होत्या. बा, छगनलाल गांधींची पत्नी काशी, मगनलाल गांधींची पत्नी संतोक आणि डॉ. प्राणजीवन मेहतांची मुलगी जयकुंवर. बांचा तिसरा मुलगा रामदासही त्यांच्यात होता. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायची आणि अटक करून घ्यायची, असा बेत. गंमत बघा, पोलिसांना कोणीही आपलं नाव सांगायचं नाही असं आधीच ठरलं होतं. ही गांधींची माणसं आहेत हे कळलं तर सरकार त्यांना धरणारच नाही, अशी भीती होती. सरकारी कागदावर आपलं नातं लागावं म्हणून निघालेल्या या बायकांनी, त्यासाठीच, हद्दीवर स्वतःचं नाव मात्र मिटल्या ओठांआड ठेवलं.

फोक्सरस्टला त्यांना पकडलं. २३ सप्टेंबरला तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढे बायकांना पीटरमारित्झबर्गच्या तुरुंगात ठेवलं. जेवण अतिशय वाईट, काम धुलाईखान्याचं. बांचा फलाहाराचा नेम होता. तुरुंगाने तो मानायला नकार दिला तेव्हा त्यांनी अन्नालाच हात लावला नाही. बऱ्याच हुज्जतीनंतर थोडंफार मिळायला लागलं, तेही पोटाला पुरेसं नाही. डिसेंबरात सुटल्या तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता.

पण त्या चौघींनी दार उघडलं होतं. टॉलस्टॉय फार्मवरच्या तमिळ बायका, काही कडेवर तान्ही मुलं घेऊन, न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या आणि मजुरांना काम बंद करायला सांगू लागल्या. मुदत संपलेल्या गिरमिटियांवर तीन पौंडांचा डोईपट्टीचा जाच होता. तो त्यांच्या बायकांवर आणि मोठ्या मुलामुलींवरही होता. हा कर रद्द व्हावा म्हणून आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये तिकडे जाऊन सरकारशी बोलून आले होते. खाणी बंद पडल्या. ६ नोव्हेंबरला २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं हद्द ओलांडायला पायी निघाली. सोळा वर्षांची वल्लिअम्मा तुरुंगातून ताप घेऊनच बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ ला गेली.

शेवटी सरकार नमलं. १९१४ मध्ये कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी रीतीने लागलेलं लग्न, एका पुरुषाची एक पत्नी या मर्यादेत, कायदेशीर ठरलं. ती पत्नी आणि तिची अज्ञान मुलं यांना प्रवेशाचा हक्क मिळाला. आपल्या लग्नांची नोंद करण्याची सोयही झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये बा आणि गांधीजींनी दक्षिण आफ्रिका सोडली.

भारतात आल्यावर बा साऱ्या देशाच्या कस्तुरबा झाल्या. १९१७ मध्ये चंपारणच्या खेड्यांत त्यांनी बायकांना स्वच्छता शिकवली. त्याच कामाला मुंबईहून आपल्या अवंतिकाबाई गोखलेही गेल्या होत्या. पुढे तुरुंग तर बांच्या अंगवळणीच पडला. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडलं, तेव्हा शिवाजी पार्कच्या सभेत आपण बोलू म्हणून बा निघाल्या आणि त्यांनाही अटक झाली. मग पुण्याचा आगाखान पॅलेस. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, त्यांनी डोळे मिटले. वल्लिअम्मा गेली तीच तारीख, बरोबर तीस वर्षांनी. अंगावर गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी होती. पुण्याला गेलात तर लक्ष्मीरोडची खरेदी तासभर कमी करा, पण त्यांच्या समाधीपाशी जाऊन या.

आता त्या फाईलवाल्या माउलीकडे वळते. आम्ही दोघी मिळून कागदांची उतरंड लावली. मुलीला मी एकच विचारलं, तुला स्वतःला कोणतं नाव हवंय? ती आधी गोंधळली. हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली की शाळेपासून जे आहे तेच. लग्न झालं की नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही, पासपोर्टही माहेरच्या नावाने राहू शकतो. म्हणून तिने पासपोर्ट आहे तसाच ठेवला. लग्नाच्या दाखल्यावर दुरुस्तीसाठी अर्ज दिला, बँकेतलं नाव पूर्वीचं करून घेतलं आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. फाईल पुन्हा गेली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

तुमच्या घरात लग्न ठरलं असेल, मुलगी परदेशी जायची असेल किंवा नसेलही, तरी हॉल आणि केटरर ठरवताना ही कामंही यादीत घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंद नव्वद दिवसांच्या आत करायची असते. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं सांगितलं. नाव बदलायचं की नाही हे मुलीला आधी विचारा. बदलायचंच असेल तर राजपत्रात छापून घेऊन मग सगळीकडे एकसारखं बदला, अर्धं इकडे अर्धं तिकडे नको. आणि दाखल्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या कपाटात राहू द्या. सासरच्या लॉकरमध्ये नको आणि आईच्या ट्रंकेतही नको. त्या साध्या कागदासाठी कोणीतरी तीन महिने तुरुंगातले कपडे धुतले आहेत.