भाकितांच्या पोथ्यांतून काळ शोधणारा शिक्षक

काक घराच्या कोणत्या बाजूस ओरडला, खंजन पक्षी कोठे दिसला, धूमकेतूचे शेपूट कोणत्या दिशेस वळले, यांवरून राजाचे भाग्य आणि धान्याचे भाव सांगणारे ग्रंथ आपल्याकडे शतकानुशतके लिहिले गेले. त्यांवर विश्वास ठेवणारे पुष्कळ होते, आणि ते थोतांड म्हणून दूर सारणारेही कालांतराने वाढले. परंतु भाकितांचा खरेखोटेपणा बाजूस ठेवून असे ग्रंथ रस घेऊन वाचता येतात आणि त्यांतून मोलाचे काही हाती लागते, हे मराठीत ज्यांनी दाखवून दिले त्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा गावी त्यांची नोकरी झाली. १८८० च्या दशकातील त्यांचे वास्तव्य सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस होते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. दीक्षितांच्या काळी हे गाव लोहमार्गापासून दूरच होते. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळी गणित, असा त्यांचा क्रम होता.

याच काळात गुप्त राजांच्या कालगणनेचा प्रश्न विद्वानांपुढे होता. शिलालेखांवर वर्षे कोरलेली होती, पण ती कोठून मोजायची याविषयी एकवाक्यता नव्हती. इतिहाससंशोधक जे. एफ. फ्लीट यांना दीक्षितांनी तिथी-वारांची गणिते करून दिली. एरण येथील बुधगुप्ताच्या लेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. गणिताने तो दिवस २१ जून ४८४ हा ठरला आणि वारही जुळला. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमारास झाला, या निष्कर्षास त्यामुळे बळकटी आली. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पंचांगविद्येचा उपयोग घरोघरी मुहूर्त काढण्यासाठी होत असे, तिनेच एका राजवंशाचा काळ निश्चित केला.

दीक्षितांची हीच दृष्टी १८९६ साली पुण्यास प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या ग्रंथात दिसते. त्यात त्यांनी गणितस्कंधाबरोबरच संहिता आणि जातक या स्कंधांचीही दखल घेतली. वराहमिहिराची बृहत्संहिता शकुनांनी भरलेली आहे. परंतु पूर्वीच्या ग्रंथांत अयनारंभ आश्लेषा-धनिष्ठांपाशी सांगितला असून आता तो कर्क-मकरापाशी आहे, हेही त्याच ग्रंथात नमूद आहे. बृहज्जातक भविष्य सांगते. पण त्यातील होरा, केंद्र, द्रेष्काण यांसारखे शब्द ग्रीकांशी झालेल्या संपर्काची साक्ष देतात. कुंडलीचे फळ मिळो वा न मिळो, ही साक्ष कायम राहते.

दीक्षित आजच्या अर्थाने अंधश्रद्धाविरोधी प्रचारक नव्हते, आणि तसे त्यांना रंगविणे अन्यायाचे होईल. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असेही नाही. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी काढलेला इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा काळ पुढे वादग्रस्त ठरला. मात्र आपले गणित त्यांनी उघडपणे मांडले होते. म्हणूनच त्यावर वाद घालणेही शक्य झाले.

त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागेल असा विषय मात्र पंचांगाचा होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. अयनचलनामुळे निरयन गणनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस इतके सण ऋतूंपासून सरकत जातात. खरे उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस लागते आणि मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. ही चूक सुधारायची तर सणांचे दिवस हलवावे लागणार होते. समाजाने ते मानले नाही.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. आकाशाकडे भयाने नव्हे तर आनंदाने पाहावे, हा त्यांचा स्वभावच त्या नावात उतरला आहे. रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथही १८९६ सालीच लंडनला प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे शके १८७९ च्या चैत्राच्या पहिल्या दिवशी, भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिची वर्षगणना सायन आहे. घरोघरीच्या भिंतीवर मात्र आजही निरयन पंचांगच टांगलेले असते, आणि त्याच्या मागील पानावरचे राशिभविष्य पुष्कळ जण केवळ गंमत म्हणून वाचतात. त्याच पंचांगातील तिथी, वार आणि नक्षत्र यांच्या आधारे दीड हजार वर्षांपूर्वीचा एक गुरुवार शोधता येतो, हे बार्शीच्या या शिक्षकाने केव्हाच सिद्ध करून ठेवले आहे.